घोडं मागून बघायचं असतंय

अकलूजच्या घोडेबाजारात गिऱ्हाईक घोडं समोरून बघतं. कान बघतं, मान किती ताठ धरतंय ते बघतं, मोबाईल काढतं आणि नाचवून दाखवा म्हणतं. आमचे मामा आधी मागच्या बाजूला जातात. अगदी मागं नाही हं, लाथेच्या टप्प्याबाहेर कडेला उभं राहून शेपटीचं बूड बघतात, मग मानेकडं येऊन आयाळीत बोटं घालून केस मुळापर्यंत बाजूला करतात. व्यापाऱ्याचं तोंड त्यावेळी बघण्यासारखं असतंय. कारण अंग बाजारापुरतं भरवता येतं, महिनाभर चंदी (घोड्याचा दाणा) वाढवली की बरगड्या झाकतात, चालसुद्धा शिकवता येते, पण आयाळ आणि शेपूट म्हणजे त्या जनावराचा मागच्या तीन-चार वर्षांचा हिशोब, तो दिवाळीच्या आधी आठ दिवस बसून कुणाला खोडता येत नाही.

आमचं घोड्यांचं काम तसं लहानच. मामांचा तबेला आहे सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूला, वरातीला घोडी देतात, मी पोटापाण्याला जीएसटीची रिटर्नं भरतो आणि सुट्टीच्या दिवशी तिथं जाऊन खरारा करतो. लग्नसराई आली की लोकांचे फोन येतात, पांढरी घोडी पाहिजे, आयाळ गोल्डन पाहिजे, शेपूट जमिनीला टेकलेली पाहिजे, रीलमध्ये होती तशी. आणि ज्यांनी हौसेनं घोडं घेतलंय ते विचारतात की दादा कुठलं तेल लावता, कुठला शाम्पू. म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं, दरवेळी व्हॉट्सअपवर तेच तेच व्हॉईस मेसेज पाठवून घसा बसलाय.

आधी रंगाचं सांगतो, कारण त्यात सगळ्यात जास्त फसवाफसवी होते.

कुमेत घोडं सगळ्यांनी बघितलेलं असतं, अंग तांबूस-तपकिरी आणि आयाळ, शेपूट, गुडघ्याखालचे पाय काळे. सुरंग म्हणजे सगळंच तांबडं, आयाळसुद्धा तांबडी, कधी अंगापेक्षा फिकी. समंद म्हणजे पिवळसर अंग आणि काळी आयाळ. मुश्की सगळं काळं. हे असं का होतं त्याचं गणित एवढंच की घोड्याच्या केसात दोनच रंग असतात, एक काळा आणि एक तांबडा, बाकी सगळे प्रकार या दोघांना कुणी कुठं अडवलं आणि कुणी किती फिकं केलं त्यावर. कुमेतात एक जीन (खोगीर नव्हे, आईबापाकडून येणारा जनुक) असा असतो की तो काळ्या रंगाला अंगावर येऊ देत नाही, नुसता कडेकडेला ठेवतो, आयाळ, शेपूट, पाय, कानाची टोकं. सुरंगात काळा रंग तयारच होत नाही, म्हणून सुरंग घोड्याची शेपूट काळीभोर दिसली की समजायचं एकतर तो सुरंग नाही, नाहीतर डब्यातला रंग आहे. आणि ती गोल्डन अंगावरची पांढरी आयाळ, जी सगळ्यांना पाहिजे असते, ती कशी येते, तर सुरंग घोड्यात रंग फिका करणारा एक जीन आईकडून किंवा बापाकडून एकच आला की. तोच जीन कुमेतात एकच आला तर अंग पिवळं पडतं पण आयाळ-शेपूट काळी राहते, कारण एकटा जीन तांबड्यावर चालतो, काळ्यावर त्याचं फारसं काही चालत नाही. दोन्हीकडून आला तर मात्र सगळंच दुधी, डोळे निळे, कातडी गुलाबी. म्हणजे गोल्डन आयाळ ही पैदाशीची गोष्ट आहे, खुराकाची नाही आणि तेलाची तर नाहीच नाही. एकानं मला विचारलं होतं हळद खायला घातली तर येईल का. म्हटलं तू खा, तुझं लग्न आहे.

आता पांढऱ्याचं. आपल्याकडं पांढरं म्हणून जे दिसतं त्यात दोन वेगळी घोडी असतात. नुकरा जन्मतःच पांढरा, कातडी गुलाबी. सब्जा जन्मतो काळा, नाहीतर कुमेत, नाहीतर तांबडा, आणि वर्षावर्षाला पांढरा होत जातो, मधल्या काळात अंगावर गोल गोल ठिपके, आयाळ अर्धी काळी अर्धी राखाडी, आणि सहा-आठ वर्षांचा होईपर्यंत बहुतेक सगळा पांढरा. कातडी मात्र आतून काळीच राहते, ओला केला की निळसर दिसतो. हे एकाच जीनमधल्या एका दुबार तुकड्यामुळं होतं असं २००८ साली स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी दाखवलं, आणि त्याच तुकड्यामुळं या घोड्यांना कातडीच्या गाठी व्हायचा धोका वाढतो हेही. पंधरा वर्षांच्या पुढच्या सब्ज्या घोड्यांत ७० ते ८० टक्के घोड्यांना अशा गाठी होतात आणि त्यांची आवडती जागा कुठली, तर शेपटीच्या खाली. म्हणून वय झालेलं पांढरं घोडं घेताना शेपूट उचलून बघायची. वाटाण्याएवढे काळे टणक फोड दिसले की भाव करायच्या आधी डॉक्टरला विचारायचं. पुष्कळ घोडी अशा गाठी घेऊन वर्षानुवर्षं नीट जगतात, पण माहीत असून घेणं वेगळं आणि घरी आणल्यावर कळणं वेगळं.

आयाळीत मामा बोटं घालतात ती यासाठीच. रंग लावलेला असला की मुळाशी दोरा-दोन दोरे वेगळा रंग दिसतो, खालची कातडी डागाळलेली असते, आणि रंगवणारा कितीही हुशार असू दे, डोळ्याच्या पापण्या आणि कानाच्या आतली लव रंगवायची कुणी आठवण ठेवत नाही. वय लपवायला कपाळावरची झुलपं रंगवतात, कुमेताच्या तोंडावर पांढरे केस यायला लागले की. ओला पांढरा रुमाल आयाळीवरून दाबून ओढायचा, बस. व्यापारी म्हणेल धूळ आहे. असू दे, धूळ काळीकुट्ट नसते.

काळी शेपूट टोकाला तांबूस झालेली दिसली तर मात्र लगेच शंका घेऊ नका. ते बहुतेक आपल्या सोलापूरच्या उन्हाचं काम. एप्रिल-मे मध्ये ४२-४३ डिग्रीत घोडं दिवसभर उघड्यावर बांधलं, घाम येऊन वाळला, परत आला परत वाळला, की काळा केस विटतोच. टोकाचा केस सगळ्यात जुना, त्यानं तीन उन्हाळे काढलेले असतात, त्यामुळं तो आधी विटतो. पण नवीन येणारा केससुद्धा मुळापासूनच फिका यायला लागला तर खुराकाकडं बघायचं, रंग तयार व्हायला अंगात तांबं लागतं आणि नुसत्या कडब्यावर ठेवलेल्या घोड्याला ते कमी पडू शकतं. त्यावर उपाय म्हणून तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवू नका कृपया, डॉक्टरला विचारून मिनरल मिक्स्चर द्या, आणि तेही घोड्याचं, गाईचं नको. गाईच्या खुराकात काही काही कंपन्या वजन वाढवायची मोनेन्सिन नावाची दवा घालतात, गाईला ती चालते आणि घोड्याच्या हृदयावर जाते, थोडीसुद्धा जीवघेणी आहे. शेपटीच्या नादात घोडं गमवायचं नाही.

अजून एक, पाठीवर किंवा आयाळीच्या खाली जिथं खोगीर टेकतं तिथं पांढऱ्या केसांचा पट्टा दिसला तर ती कुठली घोड्याची वेगळी जात नाही की शुभ खूणही नाही. तिथं खोगिरानं दाबून दाबून रंग बनवणाऱ्या पेशी मेल्या, एवढाच अर्थ. बाजारात त्यालासुद्धा काहीतरी नाव देऊन पाचशे रुपये जास्त मागणारे भेटतात. (अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ काढतात, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. मामा वाचतात हा ब्लॉग.)

आता धुण्याचं. आमच्याकडं बोअरचं पाणी इतकं जड आहे की बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, त्यात साबण फेसाळत नाही, मग माणूस अजून साबण घालतो, आणि तो साबण नीट निघत नाही. अर्धी खाज इथून सुरू होते. घोड्याची कातडी आपल्यापेक्षा वेगळी, आपली जरा आंबट बाजूची, घोड्याची जवळजवळ मधली, त्यामुळं माणसाचा शाम्पू अधूनमधून चालून जातो पण रोजचा नको, आणि कपड्याची पावडर, भांड्याचा साबण तर बिलकुल नको. वरातवाले सर्रास पावडरीनं धुतात, संध्याकाळी चकाचक दिसतं, आठ दिवसांनी घोडं खांबाला शेपूट घासायला लागतं. साधं पाणी पुरतं हो. घोड्याच्या घामातच फेस करणारं एक प्रोटीन असतं, म्हणून तर पळून आलेल्या घोड्याच्या मानेवर फेस दिसतो. काम झालं की घाम वाळायच्या आत मानेवर, आयाळीच्या मुळाशी आणि शेपटीच्या खाली भरपूर पाणी मारलं तर महिन्यातून एकदा शाम्पू पुष्कळ झाला. आणि शाम्पू लावलात तर जेवढा वेळ चोळलं त्याच्या दुप्पट वेळ धुवा. बोटानं केस चोळून बघायचा, चुरचुर वाजला पाहिजे, बुळबुळीत लागला तर अजून साबण आहे.

पांढऱ्या शेपटीचा पिवळेपणा हा वेगळाच ताप. घोडीच्या शेपटीला तर मूत लागतंच, लिदेत बसतात, शेपूट पिवळी होते आणि वरात उद्यावर आलेली असते. तबेल्यात सगळे नीळ वापरतात, कपड्याचीच. बादलीभर पाण्यात अगदी दोन-तीन थेंब, शेवटच्या पाण्याला, शेपटीपुरतीच. निळ्यामुळं पिवळं मरतं आणि पांढरं दिसतं, बाहेरचे महागडे जांभळे शाम्पू पण हेच करतात. पण थेंब म्हणजे थेंब. बाळीवेशीत एका वरातीत मी घोडी बघितली, शेपूट आकाशी आणि आयाळीवर निळे ओघळ, नवरदेवाचा शेरवानी पण आकाशीच होता त्यामुळं लोकांना वाटलं थीम आहे.

विंचरायचं कसं हे खरं मोठं काम आणि इथंच सगळे घाई करतात. घोड्याच्या शेपटीचा केस महिन्याला इंचभर वाढतो, बऱ्याचदा त्याहून कमीच. म्हणजे शेपटीच्या बुडापासून खाली हातभर-दीड हात लोंबणारा केस यायला दोन-तीन वर्षं, जमिनीपर्यंतचा केस यायला त्याहून जास्त. एक झटका मारून कंगव्यात जो गुंता निघाला ती तुमची तीन वर्षं. त्यामुळं आमच्या तबेल्यात शेपटीला कंगवा शेवटी, आधी बोटं. शेपूट कोरडी पाहिजे, ओला केस ताणला जातो आणि मग तुटतो. घोड्याच्या कडेला उभं राहायचं, पाठ त्याच्या डोक्याकडं, शेपूट बाजूला ओढून घ्यायची आणि आधी घोड्याला हात फिरवत कळवायचं की मी मागं आलोय. मग खालून सुरुवात. एका हातानं गुंत्याच्या वर बट घट्ट धरायची, म्हणजे ओढ मुळाला बसत नाही, आणि दुसऱ्या हातानं खालची टोकं सोडवत वर वर यायचं. कुसळं आणि गोखरू असतील तर थोडं तेल बोटाला लावून केस काट्यातून काढायचा, काटा केसातून ओढायचा नाही. यात फरक आहे, करून बघा. केस एकेक करून काट्यावरून सरकवला की काटा आपोआप सुटा पडतो आणि हातात दोन-चारच केस येतात.

आमच्या तबेल्यात एक चाचा आहेत, जन्म घोड्यात गेलाय त्यांचा, पूर्वी स्टेशनवर टांगा होता. नवीन पोरगं शेपटीला खराऱ्यानं ओरबाडायला लागलं की ते लांबून ओरडतात, "बालां हैं बावा, रस्सी नै!" खरारा अंगासाठी असतो, मातीसाठी. आयाळ-शेपटीला लोखंडी खरारा लावणाऱ्याला ते त्या दिवशी चहा देत नाहीत.

तेलाबद्दल आता. रोज तेल लावू नका. खोबरेल, सरकी, काय हाताला येईल ते चोपडतात लोक, फोटोत चमकतं. पण सोलापूरची धूळ तुम्हाला माहितीये, तेलकट केसावर संध्याकाळपर्यंत त्याचा लेप होतो, मग तो लेप काढायला साबण, साबणानं केस रखरखीत, म्हणून परत तेल. गुंता सोडवायला बोटभर तेल ठीक, पावसाळ्यात शेपटीच्या टोकांना चिखल धरू नये म्हणून ठीक. बाकी चमक पाहिजे असेल तर खुराकातून. मामा चंदीत मूठभर जवस भरडून घालतात, हरभऱ्याबरोबर. आपल्या भागात जवस कधी कमी नव्हता, चटणीला आणतोच की आपण, त्यातूनच घोड्याची मूठ काढायची. लगेच काही दिसत नाही, नवीन केस येईल तो चमकदार येतो.

आता ज्याच्यासाठी खरं लिहायला बसलो ते. सुबाभूळ.

मोहोळकडचा एक ओळखीचा माणूस, घोड्यावर जीव टाकणारा, त्याचा फोन आला की आयाळ हातात येतीय. मला वाटलं नेहमीची खाज असेल. त्यानं फोटो पाठवला, कुमेत घोडं, मान बोडकी झालेली आणि शेपटीचा नुसता दांडा, खाली चार केस. खाजवल्याची खूण नाही, जखम नाही, कोंडा नाही. केस नुसता ओढला की मुळासकट येतोय, घोड्याला काही कळतही नाही. तोपर्यंत त्यानं कांद्याचा रस लावून झाला होता, लिंबू लावून झालं होतं, कुणीतरी नजर उतरवून गेलं होतं, आणि एका औषधाच्या दुकानात बुरशीचं मलम दिलं होतं ते मानेला लावत होता. मामांनी फोन घेतला आणि एकच प्रश्न विचारला, "काय बे, पाला कुठला टाकतोस?"

उन्हाळा होता, कडबा महाग, आणि त्याच्या बांधावर सुबाभळीची रांग. सगळं रान वाळलेलं असताना सुबाभूळ हिरवीगार असते, शेळ्या तुटून पडतात तिच्यावर, दूध वाढतं, प्रथिनं भरपूर. मग घोड्यालाही रोज दोन पेंढ्या.

सुबाभूळ मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची, तिच्या पाल्यात, शेंगांत, बियांत मिमोसिन नावाचं एक द्रव्य असतं. हे द्रव्य केसाच्या मुळाशी जिथं पेशी भराभर वाढतात तिथं वाढ थांबवतं. आयाळ आणि शेपूट सतत वाढत असतात, म्हणून मार तिथं आधी दिसतो. जास्त खाल्लं, जास्त दिवस खाल्लं तर खुरांवरही वळ्या येतात, कारण खूर पण त्याच जातीच्या पेशींचा. मग शेळीला का काही होत नाही? तर शेळी, गाय, म्हैस रवंथ करणाऱ्या, त्यांच्या पहिल्या पोटात जंतूंचं कोठार असतं आणि पाला रक्तात मिसळायच्या आधी तिथं जातो. घोड्याचंही जंतूंचं कोठार आहे पण ते मागं, मोठ्या आतड्याच्या तोंडाशी, तिथं पोचेपर्यंत लहान आतड्यातून मिमोसिन अंगात गेलेलं असतं. आणि शेळीचं पण गंमत अशी की सगळ्या मुलखात ती सुरक्षित नव्हती. ऑस्ट्रेलियात सुबाभूळ खाऊन गुरं आजारी पडायची, हवाई बेटांवरच्या शेळ्या तोच पाला खाऊन ठणठणीत. ऑस्ट्रेलियातल्या रेमंड जोन्स नावाच्या शास्त्रज्ञानं १९८०च्या सुमारास शोधून काढलं की फरक पोटातल्या जंतूंचा आहे, आणि हवाईच्या शेळ्यांच्या पोटातले जंतू ऑस्ट्रेलियातल्या गुरांना दिले की तीही सुबाभूळ पचवायला लागली. त्या जंतूला पुढं जोन्सचंच नाव दिलं, सिनर्जिस्टेस जोन्सी. घोड्याला असं काही देता येत नाही. घोड्याला, गाढवाला, खेचराला सुबाभूळ चारा म्हणून द्यायची नाही, विषय संपला.

त्या घोड्याचं पुढं चांगलं झालं. पाला बंद केला, डॉक्टरनं तपासून बाकी काही नाही म्हणून सांगितलं, दोनेक महिन्यांत मानेवर लव दिसायला लागली. पण इंचभर महिन्याच्या हिशोबानं ती शेपूट भरायला काय लागायचा तो वेळ लागलाच, आणि तोपर्यंत त्या बिचाऱ्यानं उघड्या बुडानं माश्या सोसल्या. शेपूट ही शोभेची वस्तू नाहीच मुळात, माशी हाणायचं हत्यार आहे. इंग्लंडात गाडीच्या घोड्यांच्या शेपट्या हाडासकट तोडायची फॅशन होती, तिथं १९४९ साली कायदा करून बंद करावी लागली. आपल्याकडं निदान ते खूळ नव्हतं.

आता खाजवून केस गेलेले असतील तर गोष्ट वेगळी, आणि तिथं कुठं खाजवतंय त्यावरून पुष्कळ कळतं. फक्त शेपटीचं बूड घासून केस कुंच्यासारखे उभे राहिले असतील तर आधी जंत. एक प्रकारचा बारीक जंत मोठ्या आतड्यात राहतो आणि मादी गुदाभोवती येऊन चिकट अंडी घालते, त्याची खाज इतकी की घोडं भिंत सोडत नाही. शेपटीखाली पिवळट पांढरा थर दिसला तर ओल्या फडक्यानं पुसून टाकायचा, फडकं जाळायचं, आणि डॉक्टरकडून जंताचं औषध. आयाळ आणि शेपूट दोन्हीकडं, आणि पाऊस पडल्यावर जास्त, तर ते बारीक चिलटांचं काम. काही घोड्यांना त्यांच्या चाव्याची ॲलर्जी असते. ही चिलटं पहाटे आणि दिवस मावळताना जास्त येतात आणि उडायला कच्ची असतात, त्यामुळं त्या वेळेला घोडं आत बांधून पंखा लावला तर निम्मा त्रास कमी होतो. सिद्धेश्वर तलाव असो की कंबर तलाव, पाण्याजवळ घोडी बांधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायचं. तिसरं, उवा. आयाळीच्या मुळाशी उन्हात बघितलं की दिसतात. आणि घोडीचं कासेमधलं मळ, घोड्याचं लिंगाच्या खोळीतलं मळ, हे साफ नसलं तरी ती बिचारी शेपूटच घासतात, कारण तिथं तोंड पोचत नाही. हे कुणी बघत नाही, लाजतात बहुतेक.

वरातीवाल्यांना हात जोडून दोन गोष्टी सांगायच्यात. शेपटीला गोंडे, झुपके, लाईटच्या माळा बांधा, हौस आहे, पण रबर किंवा दोरी शेपटीच्या हाडावर आवळून रात्रभर ठेवू नका. आत रक्त फिरतं, ते थांबलं तर केस जातात, वाईट झालं तर कातडी सडते. बांधायचंच तर हाड संपतं त्याच्या खाली, नुसत्या केसांना. आणि दुसरं, काळा हेअर डाय. मेंदी लावा की, नुसती पाल्याची मेंदी पांढऱ्या शेपटीवर केशरी छान दिसते, पिढ्यान् पिढ्या लावतात लोक. पण काळ्या रंगाच्या पुड्यांत आणि त्या काळ्या मेंदीत पीपीडी नावाचं रसायन असतं, माणसाचं डोकं फुलतं त्यानं काही काही वेळा, तर शेपटीखालच्या कोवळ्या कातडीचं काय होणार. घोडं सांगणार कुणाला.

आणि लोकांनो, केस उपटू नका! वरात चाललेली असते, बेंजो सुरू असतो आणि मागून कुणीतरी काका गुपचूप शेपटीतला केस तोडतात. का, तर चामखिळीला बांधायचाय. घोड्याचा केस घट्ट आवळला की चामखीळ गळून पडते म्हणतात, आमच्या आजीनं पण केलं होतं. नाहीतर बारक्या पोराला अंगठी करायचीय, नजर लागू नये म्हणून. चाचांच्या टांग्याच्या काळात स्टेशनवर उभ्या घोड्याची शेपूट बघता बघता विरळ व्हायची, असं ते सांगतात. रिंगणात माऊलींच्या अश्वाच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात, पुरंदावड्याला, वाखरीला गर्दी उसळते, ते बघून मला वाटतं मातीच घ्या की, माती परत येते. शिवाय पाय उचलला घोड्यानं तर चामखीळ राहील बाजूला. केस पाहिजेच असेल तर तबेल्यात या, विंचरताना निघालेले आम्ही ठेवतो पिशवीत, फुकट देतो. व्हायोलिनच्या एका गजाला दीडशे-दोनशे केस लागतात आणि तोही घोड्याच्या शेपटीचाच केस असतो, पण त्याला थंड मुलखातला, मंगोलियाकडचा लांब जाड केस चालतो. आमचा विचारायला अजून कुणी व्हायोलिनवाला आलेला नाही, सगळे चामखीळवालेच येतात.

कापायचं किती, हे पण बरेच जण विचारतात. आयाळ आम्ही कापत नाही, फक्त कानामागं लगामाचा पट्टा बसतो तिथं दोन बोटं जागा मोकळी करतो. पिल्लाची पहिली आयाळ उभी आणि लोकरीसारखी असते, ती बघून घाबरून कापणारे पण आहेत, ती आपोआप बदलते. धनगरांच्या वाड्याबरोबर भीमाकाठची भीमथडी तट्टं जातात ना, ओझं लादलेली, त्यांच्या आयाळीला कोण कात्री लावतंय, तरी काय झुबकेदार असते, नीट बघा एकदा रस्त्यात भेटली तर. शेपूट मात्र जमिनीला टेकू द्यायची नाही. घोडं मागं सरताना स्वतःच्या शेपटीवर पाय देतं आणि झटक्यात मूठभर केस मुळासकट जातात, वरातीत तर मागं सरणं सारखं चालू असतं, फटाके वाजले की. चालताना घोडं शेपूट जरा वर धरतं, तेवढं धरून मोजायचं आणि मागच्या पायाच्या खुराच्या वरच्या सांध्याला टोक येईल असं सरळ कापायचं. कात्री धारदार पाहिजे आणि शेपूट कोरडी पाहिजे, ओली कापली तर वाळल्यावर वर चढते, मग नवरीकडचे विचारतात शेपूट आखूड का, आणि मला परत व्हॉईस मेसेज पाठवावा लागतो.